अंगठा

शारजा. पहाटेचे साडेचार.
हजेरीचं मशीन म्हणतं, पुन्हा ठेवा.
पुन्हा ठेवतो. पुन्हा.
मागं रांग खाकरते.

सिमेंटनं रेषा खाल्ल्यात माझ्या.
पेरांना भेगा, रात्रभर खाज,
खाजवलं की पाणी, पाण्यावर खपली.
"लागट नाही हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
फोरमनलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.
तेव्हापासून दिलावर
पुन्हा माझ्या ताटात जेवतो.

साबण बंद. गरम पाणी बंद,
पण इथं नळालाच कढत येतं,
बादली रात्रीच भरून निववतो.
ओलसर हातावरच मलम,
रबराच्या आत सुती मोजे.

आज एकविसावा दिवस.
हिरवा दिवा. शब्बीर परकार, हजर.
अंगठ्याकडं पाहिलं,
गावाहून आलेल्या माणसाकडं पाहावं तसं.

डाव्या हाताचं अजून सांगता येत नाही.