पाचशेपैकी तीनशे सतरा

खोकं आलं तेव्हा मी मुंदडांच्या सेंटरवर
मानवतहून आलेल्या एका म्हातारबांना सांगत होतो:
श्वास घ्या, रोखा, हलू नका.
कुरिअरचा मुजीब दारातूनच ओरडला,
साळवे, सही करा, जपानहून आलंय.
औषध हाय का काय?

औषधच म्हणायचं.

दीड पगार गेला.
बायकोला मी एक सांगितला,
तिनं तो दीडच ऐकला
आणि कुकरची शिट्टी नीट बसवत राहिली.

राखाडी प्रहरी, काळी आवृत्ती, नग फक्त पाचशे,
एका प्रदर्शनात एकाच सकाळी संपलेले.
पूर्णेला रेल्वे क्वार्टरात होतो तेव्हा
पवार गार्डांच्या खिडकीचे गज धरून
दर रविवारी बघायचो त्याला.
बरोबर तो मुखवटा काढायला हात वर न्यायचा
आणि लाईट जायची.
त्याचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही.

कपाटात अशी सत्तावीस खोकी आहेत,
एकही उघडलेलं नाही.
नांदेडच्या हरजीतनं पहिल्याच सौद्याला बजावलं होतं:
सील तुटलं की माल मेला.
म्हणून फडकंसुद्धा मी
झोपलेल्या लेकराच्या अंगावरून फिरवावं तसं फिरवतो.

मित्रा, माझी पोरगी, चौथीत आहे.
खोक्याला खिडकी नव्हती, नुसता काळा पुठ्ठा.
तिनं कान लावला, वास घेतला.
बाबा, आत तोच हाय कशावरून?
ईट असली तर?

रात्री साडेनऊला शेवटचा पेशंट गेला,
गाडीवरून पडलेला, गळपट्टीचं हाड.
मी शटर अर्धं ओढलं,
खोकं टेबलावर आडवं ठेवलं,
पंचेचाळीस केव्ही लावले,
लहान पोराच्या मनगटाला लावतो तेवढे,
आणि सवयीनं बोलून गेलो, हलू नका.
नाही हलला.
इतका गुणी पेशंट सोळा वर्षांत आला नव्हता.

पडद्यावर प्लास्टिक उमटलं
ओल्या सरपणाच्या धुरासारखं.
गुडघ्यांत दोन स्क्रू, खांद्यात स्प्रिंग,
छाती रिकामी.
असणार कुठून, तरी बघितलं.
मुखवट्याच्या आतही धूरच.

आणि टाचेपाशी, ट्रेच्या खाली,
कंपनीच्या कुठल्याच यादीत नसलेलं,
एक पांढरंशुभ्र आकडीचं कानातलं,
खाली ज्वारीच्या दाण्याएवढा मणी.

मी खुर्चीत बसलो.
बाहेर वसमत रोडला ऊसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या.
कुठल्या गावची असेल?
शिफ्ट सुटल्यावर आरशात बघून कानाला हात लावला असेल,
बाकाखाली वाकली असेल,
मुकादम म्हणाला असेल, चल, उद्या बघू.
तोवर तीनशे सतराला सील लागून गेलं.

हरजीतचा फोन आला रविवारी.
दुप्पट देतो, बोल. पीस कसा आहे?
म्हटलं, बाकी चारशे नव्व्याण्णवांसारखाच.
या धंद्यात मी पहिल्यांदाच खोटं बोललो.
द्यायचा नाही, एवढं म्हणून ठेवून दिला.

फिल्म मित्रानं खिडकीच्या काचेला चिकटवली आहे.
तिच्या मैत्रिणींना ती प्रहरीचे स्क्रू दाखवत नाही.
म्हणते, हे बघा, एका बाईचं हरवलेलं.
दुसरं तिनं काय केलं असल, बाबा?
एकच घालत असल का?

मला काय माहीत.

कटर ड्रॉवरमध्ये आहे. दोनदा काढला, दोनदा ठेवला.
पण रात्री रस्त्यावरून जड गाडी गेली
की कपाटाची काच थरथरते,
सत्तावीस खोकी मुकाट असतात
आणि अठ्ठाविसाव्यात
काहीतरी किंचित किणकिणतं.
मी श्वास रोखून पडून राहतो.