पाचवी खूण

व्हिटबीला आठ, म्हणजे लीड्सहून साडेपाचला निघायचं.
पार्किंग चार पौंड. सुटे घ्या, मशीन कार्ड खात नाही,
असं कुणीतरी लिहून ठेवलंय.
मग स्टेथ्स, ओहोटी लागली की.
मग टेकडीवरची वाट, ऊन डाव्या अंगाला आल्यावर.
चौथी खूण शर्वाणीची: स्वच्छतागृह.

पाचवी मी न सांगता रोवली.
रस्त्याच्या चित्रातून बोट सरकवताना सापडलेली:
दगडी घर, दोरी, चादर वाळत घालणारी बाई,
दोन्ही हात वर,
तोंड यंत्राने पुसलेलं.
कोपऱ्यात तारीख. जून, चौदा वर्षांपूर्वीचा.

पोचलो तेव्हा ढग.
घर होतं. खांब होते, दोरी नव्हती.
"इथे काय काढायचंय?"
शर्वाणीने इंजिन बंद न करताच विचारलं.
"काही नाही. गाडी वळवायला जागा आहे, म्हणून."
तरी उतरलो.
दोन खांबांमधल्या हवेवर कॅमेरा धरला,
तो बिचारा फोकस शोधत घरघरत राहिला.

रात्री फोटो उतरवले, एकशे बारा.
शर्वाणी झोपल्यावर पुन्हा नकाशा उघडला.

चादर अजून ओलीच होती.