अकरा नंबर

महिन्याच्या पहिल्या शनिवारी
मकरपुऱ्याच्या गोडाउनात शिड्या आडव्या होतात.
चौदा आहेत. बहुतेक पिवळ्या, दोन नारिंगी,
एकीचा रंग आता कुणी विचारू नये.
मी पाटावर बसते, शेजारी बादलीत साबणाचं कोमट पाणी,
आणि इरफान मलेक एकेक नीसरणी आणून ठेवतो.
तो नीसरणी म्हणतो. मी रजिस्टरात शिडी लिहिते.
माझी कुडाळची सासू निसण म्हणायची.

आधी पुसायचं.
ओल्या धुळीवरून वीज चालत येते, फायबर असलं तरी,
हे मी नव्या पोरांना दर वेळी सांगते
आणि ती दर वेळी मान हलवतात.

मग शिफॉनचा तुकडा,
माझ्याच एका जांभळ्या साडीचा, आहेरात आलेल्या, कधी न नेसलेल्या.
उभ्या दांड्यावरून तो हलका ओढत न्यायचा.
अडकला की थांबायचं.
तिथे उन्हाने वरचा थर खाल्लेला असतो
आणि काचेचे केस उभे राहिलेले असतात.
डोळ्यांना दिसत नाहीत,
मनगटाला रात्रभर कळतात.

रिवेट हलतो का. पायरी पिळली तर फिरते का.
पायाचं रबर जुन्या नाण्यासारखं गुळगुळीत झालं का.
दोरी कप्पीपाशी विसविशीत झाली का.
वजनाचं लेबल वाचता येतं, की तिथे कुणी नाव खरडलंय?
(सात नंबरवर हेतल आहे.
हेतल कोण, कुणी कबूल करत नाही.
नवं लेबल लावलं, हेतलच्या खाली. शिडी पास.)

अकरा नंबर मी रुजू झाले त्या वर्षीची.
बोटाच्या पेराने वाजवत गेले. टक, टक, टक.
चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मधे, थप्.
बॅटरी मारली.
रंग होता तिथे. ताजा पिवळा,
जवळजवळ तोच पिवळा,
बारीक ब्रशने, चांगल्या हाताने लावलेला.

इरफान छपरातली कबुतरं मोजत होता.

नखाने खरवडलं.
भेग निघाली, करंगळीएवढी,
आणि आत जाणारी.
"बेन," तो कबुतरांनाच म्हणाला, "नोरतां माथे छे."
म्हणजे मैदानं, खांब, माळा, रोजचा हजेरीचा पैसा,
म्हणजे एक शिडी कमी तर एक माणूस कमी.
मला ठाऊक होतं. अकरावर तोच चढतो.
रंग वाळला असता
तरी तोच चढला असता.

बाद शिडी अख्खी फेकायची नसते.
भंगारातून उठून ती कुणाच्या तरी भिंतीला लागते,
उत्तरायणाला एखादं पोरगं पतंगासाठी गच्चीवर नेतं.
मी मास्क बांधला, हातमोजे घातले, करवत काढली.
त्याने ती माझ्या हातातून घेतली.
बराच वेळ लागला.
पांढरी पूड त्याच्या भुवयांवर बसली
आणि तो एकदम साठीचा दिसू लागला.

शेरा: भेग, चौथी ते पाचवी पायरी. कापून बाद.
रंग कुणी लावला याला रकाना नाही.
एक रकाना आहे "अपघात", तो सहा वर्षं कोरा आहे,
ऑडिटवाले त्यावरून भर्रकन पुढे जातात.
शेठना फोन केला. शेठ ओरडले. मग विचारलं, नवीन कितीला येते?
तेरा शिड्यांना मेण चोळून
सावलीच्या भिंतीला, आडव्या, तीन तीन हुकांवर टांगल्या.
इरफानला सोमवारी सात नंबर दिली.
"हेतल चालेल?" म्हटलं. हसला नाही.

घरी जाताना दांडिया बाजारच्या सिग्नलला
मनगट खाजू लागलं.
पलीकडे मांडवासमोर
कुणीतरी बांबूच्या शिडीवर चढून दिव्यांची माळ बांधत होता.
पाय फरशीवर, फरशीवर पाणी,
शिडी भिंतीला जवळपास चिकटलेली,
खाली धरायला कुणी नाही.
मागून हॉर्न सुरू झाले.
मी स्कूटर कडेला घेतली.