विसरण्याचा पुरावा

याकिमातल्या शाळेच्या त्या बुटक्या खोलीत
जून लागताच बैठक बसली.
टेबलावर टिश्यूचा डबा, चार फायली,
आणि ओडिलिया, चेरीच्या शेडमधून तशीच आलेली,
नखांत लाल.

प्रश्न छापीलच होता:
सुट्टीत हा मुलगा किती विसरेल?
आणि विसरलेलं परत यायला
किती आठवडे लागतील?

बाकीच्या आया सांगत सुटतात, पोराला काय काय येतं.
हिला सिद्ध करायचं होतं
काय काय जातं.

तिनं पिशवीतून कॅलेंडर काढलं,
टायरच्या दुकानात फुकट मिळालेलं.
एप्रिलच्या सुट्टीचे चौकोन
पेन्सिलीनं भरलेले.
सोमवारी जॅकेटची चेन स्वतः लावली.
मंगळवारी अर्धी.
गुरुवारी जॅकेटच भिरकावलं.
शनिवारी पाण्याचं चित्र हातात दिलं,
तर ते चावलं.
रविवारी काही नाही,
नुसतं टोक मोडल्याचं टिंब.

मानसतज्ज्ञ बाई म्हणाल्या, फार छान नोंदी आहेत.
ओडिलिया थँक यू म्हणाली,
मग माझ्याकडे वळून, स्पॅनिशमध्ये, हळूच:
मी माझ्याच लेकराविरुद्ध साक्ष दिली ना?

मी वर्गातली मदतनीस. मला तिथं मत नसतं.
डबा तेवढा पुढे सरकवला.
तिनं कागद ओढला आणि नखं पुसली.

मंजूर झालं.
एकोणीस दिवस, रोज साडेतीन तास, बस धरून.

जुलैत शाळा म्हणजे फरशीच्या मेणाचा वास,
बाकांवर पाय वर केलेल्या खुर्च्या,
पाच मुलं, आम्ही दोघी,
आणि मोठा पुसा फिरवणारे टॉलिव्हर.
एलिसेओ पहिल्या दिवशी दारातच बसला.
पहिले पाढे पंचावन्न.

बाहेर अडतीस डिग्री,
आत आम्ही थंडीची जॅकेटं घालून
चेन वर, चेन खाली.
घाम माझ्या कोपरावरून त्याच्या बुटावर.
तो टिपका त्यानं बराच वेळ बघितला.
चेन मात्र तिथंच अडकलेली.

चौदाव्या दिवशी
फळ्यावरून पाण्याचं चित्र त्यानं सोडवलं,
आणि मला ओलांडून
सरळ टॉलिव्हरांच्या हातात दिलं.

नियमानं याचा अर्थ: मला पाणी हवंय.
टॉलिव्हरांना नियम कुठं माहीत.
पुसा भिंतीला टेकवून ते नळाशी गेले,
घटाघट प्यायले,
ओठ पुसत म्हणाले, बरं सुचलं रे तुला.
एलिसेओ त्यांच्या गळ्याची घाटी
वर-खाली होताना बघत राहिला.
स्वतः प्यायला नाही.

तक्त्यात दोन रकाने होते:
मागितलं. मागितलं नाही.
मी पेन उघडून बसले, मग बंद केलं.

संध्याकाळी त्याच्या दप्तरात चिठ्ठी घातली.
सगळं लिहिलं, टॉलिव्हरांच्या घोटांसकट.
खाली एक ओळ:
ओडिलिया, हे जपून ठेव,
पण पुढच्या जूनच्या बैठकीत
दाखवू नकोस.