रात्री जहाजं घरी ठेवू नये

मला ग्रह मिळाला चौथ्या सूर्यमालेत, नवव्या जागेवर.
लहानसा, थंड. नाव द्या म्हणाला.
मी दिलं: मानकापूर.
हितेश बोकडे हसला. "साहेब, लोकं तिथं ड्रॅगन-बिगन लिहितात."
लिहू दे.
बावीस वर्षं मानकापुरातच राहून राहिलो,
दुसरं काय सुचणार?

हितेश आमच्या सबस्टेशनला शिकाऊ.
ड्यूटीवर मी त्याला शिकवतो,
अर्थिंग लावल्याबिगर हात लावायचा नाही,
आयसोलेटर उघडताना आवाज ऐकायचा,
पाहून झालं की परत एकदा पाहायचं.
ड्यूटी सुटल्यावर, टपरीवर, तो मला शिकवतो:
आधी धातूची खाण. मग स्फटिकाची.
"आणि वीज पाहा नं साहेब. उणे आहे तुमची."

उणे अकरा.
तीस वर्षं काढली दोनशे वीस केव्हीच्या यार्डात
आणि माझ्याच ग्रहावर लोडशेडिंग!
हे मी ऑफिसात कोणाला सांगितलं नाही.
रातोरात सौर केंद्र वाढवलं.
वाढवलं म्हणजे बटण दाबलं
आणि चव्वेचाळीस मिनिटं बनियनवर बसलो कूलरसमोर,
मे महिना, वाळ्याचा ओला वास,
आकडा उलटा उतरताना पाहत.
इकडं एक टॉवर उभा करायचा तर जमीनवाला येतो,
त्याचा भाऊ येतो, मग कोर्ट येतं.
तिकडं चव्वेचाळीस मिनिटं.
तरी जड गेली.

नवशिक्याला सात दिवस कोणी मारत नाही, असा नियम आहे.
चांगला नियम.
मी नोकरीला लागलो तेव्हा नव्हता.

आठव्या दिवशी माझी रात्रपाळी.
कंट्रोल रूममध्ये फोन चालत नाही, तो लॉकरात.
दर तासाला रीडिंग: व्होल्टेज, तेलाचं तापमान,
फ्रीक्वेन्सी एकोणपन्नास पूर्णांक सत्त्याण्णव.
तीनच्या रकान्यात मी "सर्व ठीक" लिहिलं
आणि त्याच वेळी
लॉकरात, डब्याच्या पिशवीखाली,
मानकापूर लुटलं जात होतं.

सकाळी पाहिलं.
सतरा जहाजं होती. त्यांचं भंगार झालं,
भंगारही तोच उचलून घेऊन गेला.
मागं एक निरोप, मोडक्यातोडक्या इंग्रजीत.
कुठला माणूस कोण जाणे, त्याच्याकडं दुपार असेल.
राग नको, लिहिलं होतं.
झोपताना जहाजं घरी ठेवू नये.
लांब पाठवावी, अगदी हळू,
अशी की तू उठशील तेव्हाच परततील.
वाटेवर असलेल्याला कोणी मारू शकत नाही.

तीनदा वाचलं.
चोर सांगून राहिला कुलूप कसं लावायचं,
आणि बरोबर सांगून राहिला.

हितेशला दाखवलं तर त्याचं तोंड उतरलं.
"हे सांगायचंच राहिलं, साहेब."
मला भिवगडे आठवले, माझे पहिले फोरमन.
त्यांचंही एक सांगायचं राहिलं होतं.
डाव्या तळहातावर खूण आहे अजून.
म्हटलं, "पोहे खा बे."
त्याच्या प्लेटीत तर्री जास्त टाकायला लावली.

आता रोज रात्री, उरलीसुरली तीन मालवाहू जहाजं
दहा टक्के वेगानं पाठवून देतो
कुठल्याशा रिकाम्या जागेकडं. तिथं काही नाही.
नुसतं जायचं, वळायचं, यायचं.
मग गच्चीवर गादी टाकतो.
कोराडीच्या चिमण्यांचे लाल दिवे लागतात, विझतात.
तारे त्या मानानं कमीच.
कुंदा कूस बदलते. तिला या खेळातलं काही कळत नाही,
कळून घ्यायचंही नाही.
"गेली का तुमची?"
"गेली."
"केव्हा येतात?"
"पावणेसहाला."
"मग येताना दूध आणा म्हणा त्यांना,"
म्हणते, आणि चादर डोक्यावर घेते.