नमुना क्रमांक चार

वर्गात सगळ्यांत थोरला मीच. चव्वेचाळीस.
पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, पालक का आपण?
म्हटलं, नाही. रोल नंबर एकोणतीस, शितोळे.
मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं,
तेव्हापासून मी काका.
एम.एस्सी., पर्यावरण व्यवस्थापन, प्रथम वर्ष,
काका.

घरी एकाच टेबलावर लेकीची बारावी आणि माझं हे.
आलेख कसा काढायचा ते तीच शिकवते,
न चिडता, पण घड्याळाकडे बघत.
बायको पोळ्या लाटता लाटता म्हणते,
तुम्ही म्हणजे एक नमुनाच आहात.

शनिवारी आम्ही विश्वामित्रीवर नमुने घ्यायला जातो.
काठावर उतरायचं नाही, हा नियम.
तिथे मगर पडलेली असते
ओल्या पोत्यासारखी,
आणि पोतं कधी जांभई देईल, नेम नाही.
म्हणून पुलावरून दोरीने बादली सोडायची.
ऋत्वी वेळ बघते, फरहान चिठ्ठ्या चिकटवतो,
बाटली भरतो मी. माझा हात स्थिर आहे म्हणतात.
बुडबुडा राहू द्यायचा नाही.
हवेचा एक मणी जरी आत राहिला
तरी नदी उगाच जिवंत वाटते.

मग तिथेच, कठड्यावर, दोन औषधं, थेंब थेंब.
तपकिरी साका बसला तर पाण्यात प्राणवायू आहे.
एक: तपकिरी. दोन: तपकिरी.
तीन: पावशेर दुधात चमचाभर चहा.
चार: पांढरा.
स्वच्छ, मऊ, खाली उतरत जाणारा पांढरा.
किती सुंदर, म्हणत ऋत्वीने फोटो काढला.
मग तिलाच आठवलं पांढरं म्हणजे काय,
आणि तिने फोन खिशात ठेवला.

सोमवारी बाईंनी फळ्यावर खडूने ठिपका काढला.
बिंदू-स्रोत, म्हणाल्या, म्हणजे बोट दाखवता येतं असा.
सगळ्यांनी वहीत ठिपका काढला.
मीही काढला.
माझा ठिपका लोखंडी आहे. हिरवा रंग, पोपडे आलेले,
उजवीकडे साडेचार फेरे,
शेवटच्या अर्ध्याला पाना लागतो.
तो ओढा वेगळा, गावाबाहेरचा, या नदीला न मिळणारा.
(हे मी स्वतःला बऱ्याचदा सांगतो.)
अकरा वर्षं रात्रपाळी.
टाकी भरली की फोन यायचा, कागद कधीच नाही,
आणि पहाटे नोंदवहीत मी लिहायचो: सामान्य.
खाली सही, वळणदार, पूर्ण नावाची.
नोकरी मी सोडली नाही.
कारखानाच बंद पडला.

फरहानने विचारलं, काका, चारलाच शून्य का येतं?
आजूबाजूला तर काहीच नाही. शाळा, गॅरेज, देऊळ.
म्हटलं, दिवसा नाही कळणार. रात्री यावं लागेल.

आलो. तिघंच. ऋत्वीच्या आईला
प्रयोगशाळेत काम आहे असं सांगितलेलं.
टॉर्च पाण्यावर धरला की दोन लाल ठिणग्या,
हलवला की पुन्हा दोन, वेगळ्या.
एक वाजला. दोन. शेंगदाणे संपले.
फरहान म्हणाला, नुसतीच रात्र वाया.
मी म्हटलं, तापमापक खाली सोडून ठेव,
रंगाकडे बघू नकोस.
रंगाआधी ऊब येते.

पावणेतीनला पारा चढू लागला.
सव्वीस. अठ्ठावीस. एकतीस.
मग कुठूनतरी, पुलाखालच्या काळोखातून,
तो ओळखीचा वास,
जो माझ्या शर्टातून बायकोने
अकरा वर्षं धुऊन काढायचा प्रयत्न केला.

फरहान धावत पलीकडच्या कठड्याशी गेला, पाइप शोधत.
ऋत्वी तिथेच उभी राहिली. वेळ लिहिली,
पेन बंद केलं.
काका, तुम्हाला कसं माहीत?

मी बाटली तिरकी करून
टॉर्चच्या उजेडात बघत राहिलो,
कुठे बुडबुडा तर राहिला नाही.