मापाचा कागद

बर्डीतला दुकानदार विचारतो, नंबर किती?
मी कागद उलगडतो.
मागच्या मे महिन्यात कूलरसमोर उभं करून
पेन्सिलीनं गिरवलेला प्रज्वलचा पाय.
गुदगुल्या झाल्या त्याला,
अंगठ्यापाशी रेघ हलली आहे.

आदेशात आहे : दर शनिवारी चार ते सहा,
कोर्टातली खेळण्यांची खोली.
जूनमध्ये ती मुलांना घेऊन सिकंदराबादला गेली.
तिथला लाकडी घोडा आता दुसऱ्यांची पोरं झुलवतात.

परवा फोनवर म्हणाला,
बाबा, इकडे चपलांना चेप्पुलू म्हणतात.
मागून धाकटी काहीतरी बोलली.
मला कळलं नाही.
दोघं हसली.

"पोट्टं वाढते जी," दुकानदार म्हणतो,
"एक नंबर मोठा न्या."

एकच?
पुढची तारीख
सप्टेंबरची आहे.